घरी येऊन शिकवणारे संगीतशिक्षक: वय सात, चौदा आणि सहासष्ट. शिकवणी एक की तीन?

सायली_नाशिक
नमस्कार मंडळी. जाणकारांचा सल्ला हवा आहे. आमच्या एकत्र कुटुंबात सध्या तिघांना संगीत शिकायचं आहे. माझी मुलगी सात वर्षांची, दिवसभर काहीतरी गुणगुणत असते. पुतण्या चौदाचा. लहानपणापासून गाणं शिकत होता, पण गेल्या वर्षी आवाज फुटला आणि त्याने गाणं सोडलं. आता तबला म्हणतोय. आणि सासूबाई सहासष्टच्या. भजनी मंडळात इतकी वर्षं टाळ धरून कोरसमध्ये म्हणत आल्या, आता त्यांना स्वतः पुढे बसून अभंग म्हणायचा आहे.

एक सर घरी येऊन भेटून गेले. त्यांचं म्हणणं, आठवड्यातून दोनदा तासभर येतो, तिघांना एकत्र बसवा, पेटी (हार्मोनियम) विकत घ्या, डिसेंबरात तिघांनाही गांधर्व मंडळाच्या पहिल्या परीक्षेला, प्रारंभिकला, बसवू. फी एकाची दीडपट. खर्चाच्या दृष्टीने बरं वाटतंय, पण मन घेत नाही. कुणी असं एकत्र शिकवलंय किंवा शिकलंय का?

षड्ज_पंचम
सायलीताई, मी गेली बरीच वर्षं पुण्यात घरी आणि विद्यार्थ्यांकडे जाऊन गाणं शिकवतो. तुमचं मन घेत नाही ते बरोबरच आहे, आणि त्यामागे अगदी साधं कारण आहे: पट्टी, म्हणजे ज्या सुराला सा मानून गायचं तो सूर.

सात वर्षांची मुलगी साधारण काळी चार, काळी पाचमध्ये (ही पेटीवरच्या सुरांची नावं) मोकळी गाते. सासूबाईंचा आवाज या वयात खाली उतरलेला असणार. पांढरी चार, कदाचित त्याहूनही खाली. चौदाच्या मुलाचं तर आत्ता काहीच स्थिर नाही. आता सर पेटीवर एकच सा धरणार. तो काळी चारचा धरला तर आजींना वरच्या पंचमाच्या (प) पुढे ताणून ओरडावं लागेल. पांढरी चारचा धरला तर मुलगी मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, पुटपुटत राहील आणि तुम्हाला वाटेल हिचा आवाजच बारीक आहे. तिघांपैकी दोघं रोज चुकीच्या पट्टीत गाणार, हे एवढंच कारण पुरेसं आहे.

आता एकेकाबद्दल.

मुलगी. या वयात वीस-पंचवीस मिनिटं खूप झाली, पण आठवड्यातून दोनदा तरी हवीत. पहिले काही महिने तिला पेटीवर बोटं ठेवू देऊ नका. शिक्षकांनी तंबोरा लावावा, स्वतः गाऊन दाखवावं आणि तिने तसं म्हणावं. मी लहान मुलांबरोबर एक करतो: सा म्हणायला लावतो, मग तंबोऱ्याचा आवाज हळूहळू कमी करत नेतो आणि पुन्हा वाढवतो. मूल सा वरच टिकून असेल तर ते स्वतःच हसतं, कारण त्याला ते कळतं. सरकलं असेल तर आवाज वाढताच आपोआप सावरून घेतं. मी तोंडाने काहीच सांगत नाही. मग सा वरून थेट प, प वरून सा. मग सारेग, रेगम, गमप. टाळी-खाली, म्हणजे तालाच्या खुणा, हातावर. दोन-तीन छोटी गाणी. पहिल्या वर्षात एवढं नीट झालं तर माझ्या मते उत्तम झालं.

पेटीला विरोध म्हणून हे सांगत नाही. पेटीचे सूर बांधून ठेवलेले असतात. चांगल्या लागलेल्या तंबोऱ्यातून खर्जाच्या (सगळ्यात खालच्या सा च्या) तारेत जो गंधार (ग) आपोआप ऐकू येतो, त्याहून पेटीचा शुद्ध गंधार किंचित चढा असतो. मोठ्या माणसाला हा फरक नंतर समजून घेता येतो. लहान मुलाचा कान मात्र जे रोज ऐकेल तेच खरं मानतो.

पुतण्या. आवाज फुटला म्हणून गाणं संपलं असं कुणी त्याला सांगितलं असेल तर ते आधी पुसून टाका. मुलांचा आवाज या काळात जवळजवळ सप्तकभर खाली जातो आणि जाताना मध्येच चिरकतो. ते नैसर्गिक आहे. त्याने आत्ता तार (वरच्या) सप्तकात जायचं नाही, मोठ्याने गायचं नाही, जुन्या पट्टीत तर मुळीच गायचं नाही. रोज दहा मिनिटं, जे पाच-सहा सूर सहज लागतात तेवढेच, हलक्या आवाजात. पट्टी दर दोन-तीन महिन्यांनी तपासायची. बाकी वेळ तबला शिकू दे, फार छान निवड आहे. लय पक्की झालेला मुलगा आवाज बसल्यावर गाण्याकडे परत येतो तेव्हा फार पुढे असतो.

सासूबाईंबद्दल थोडं थांबून लिहितो, विद्यार्थी आलेत.

ठाणेकर_आई
मला परीक्षेबद्दल बोलायचंय. माझी दोन्ही मुलं गांधर्व मंडळाच्या परीक्षा देतात, मोठी आता मध्यमा पूर्णला आहे. परीक्षा नसती तर आमच्याकडे रियाज झालाच नसता, हे अगदी मनापासून सांगते. शाळा, क्लास, प्रोजेक्ट या सगळ्यात गाणं मागे पडतं. एप्रिल-मे किंवा नोव्हेंबर-डिसेंबरची तारीख समोर असली की मूल बसतं. शिवाय दहावीला शास्त्रीय कलांचे वाढीव गुण मिळतात. त्याचा प्रस्ताव शाळेमार्फत बोर्डाकडे जातो, वेळेत दिला नाही तर हातचं जातं. तुमचा पुतण्या नववीत असेल तर कोणत्या परीक्षा धरतात ते चालू वर्षाच्या परिपत्रकात आत्ताच बघून घ्या. आधी गाण्याच्या परीक्षा दिल्या असतील तर प्रमाणपत्रं शोधून ठेवा.

षड्ज_पंचम
ठाणेकर ताई, चौदा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत तुमच्याशी सहमत. गुणांची माहिती तर फार उपयोगाची.

पण सात वर्षांच्या मुलीला सहा महिन्यांत प्रारंभिकला बसवायचं म्हणजे काय होतं ते मी जवळून पाहिलं आहे. राग, त्याचे आरोह-अवरोह, तालांचे बोल, थोडी शास्त्राची तोंडी माहिती. मूल सगळं धडाधड पाठ करतं. भूप रागाचा वादी (मुख्य सूर) गंधार, संवादी (त्याच्या खालोखालचा) धैवत हे पाठ असतं, पण गंधार गाऊन दाखव म्हटलं तर शोधत बसतं. गायक विष्णु दिगंबर पलुसकरांनी ५ मे १९०१ ला लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं तेव्हा त्यांच्यापुढे प्रश्न होता की गाणं चार घराण्यांच्या बाहेर, सामान्य घरांतल्या मुलामुलींपर्यंत पोचवायचं कसं. एका वर्गात अनेक विद्यार्थी बसवायचे तर ठरलेला अभ्यासक्रम लागतो, लिहून ठेवता येईल अशी स्वरलिपी लागते, परीक्षा लागते. ती व्यवस्था मोठीच आहे, आम्ही सगळे तिच्यातूनच वर आलो. पण शिक्षक तुमच्या घरी येऊन एकाच मुलासमोर बसलाय, त्या मुलाला काय येतं आणि काय आवडतं हे त्याला समोर दिसतंय, तेव्हाही त्याने छापील क्रमानेच जायचं हे मला पटत नाही. खासगी शिकवणीचे पैसे आपण नेमके त्या मोकळीकीसाठी देतो.

आता आजी. त्यांना प्रारंभिक कशाला हवी आहे? त्यांना अभंग म्हणायचा आहे. इतकी वर्षं टाळ धरलाय म्हणजे आठ मात्रांचा भजनी ठेका त्यांच्या अंगात मुरलेला आहे. तालाचं त्यांना मी काहीच शिकवणार नाही. मी तीन गोष्टी बघेन. त्यांची स्वतःची पट्टी. मंडळात पेटीवाले जी धरतात ती नव्हे, कारण ती बहुतेक वेळा पेटीवाल्यांच्या किंवा मुख्य गायिकेच्या सोयीची असते. दुसरं श्वास. अभंगाच्या चरणात श्वास कुठे घ्यायचा हे पेन्सिलीने खूण करून ठरवायचं. कोरसमध्ये आपला श्वास तुटला तर शेजारची तो सूर पुढे नेते, त्यामुळे ही सवय लागलेलीच नसते. एकट्याने म्हणताना शब्दाच्या मध्येच श्वास संपतो आणि माणूस घाबरतो. तिसरं, ध्रुवपदावर परत येताना थोडा विस्तार करायचा, ते त्या रागाच्या चार-सहा सुरांत. तेवढ्यासाठी तो राग जेवढा लागतो तेवढाच शिकवायचा. चार-पाच अभंग या पद्धतीने झाले की रागही चार-पाच ओळखीचे झालेले असतात.

सायली_नाशिक
सर, तुमचं सासूबाईंना वाचून दाखवलं. श्वासाचं अगदी तंतोतंत आहे म्हणाल्या. त्यांना गुडघ्यांमुळे मांडी घालता येत नाही आणि त्याचीच त्यांना जास्त लाज वाटते. खुर्चीवर बसून गाणं शिकलेलं चालतं का?
पुतण्याबद्दल: आम्ही फ्लॅटमध्ये राहतो, खाली एक आजारी आजोबा आहेत. तबल्याचा आवाज किती होईल?

षड्ज_पंचम
खुर्ची बेशक चालते. फक्त हात नसलेली, सरळ पाठीची, आणि पाय जमिनीला पूर्ण टेकतील अशा उंचीची घ्या. सोफा नको, त्यात पोट दुमडतं. माझ्याकडे खुर्चीवर बसून शिकणाऱ्या तीन आज्या आहेत. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही, हे त्यांना माझ्यातर्फे सांगा.

डग्गा
तबल्यावर मी लिहितो, हा माझा विषय.

आधी आवाजाचं. खाली जाड सतरंजी घाला, तबल्याची चुंबळ थेट फरशीवर ठेवू नका. डग्ग्याचा (डाव्या हाताने वाजवायच्या मोठ्या वाद्याचा) घुमारा फरशीतून खाली जातो, तबल्याची टाक त्यामानाने कमी जाते. आजारी माणूस असेल तर दुपारी दोन ते चार सोडून वेळ ठरवा आणि त्यांच्या घरी जाऊन आधीच विचारून या. पण महत्त्वाची गोष्ट वेगळीच: नवशिक्याचा निम्मा रियाज वाजवण्याचा नसतोच. पढंत. हाताने टाळी-खाली देत बोल तोंडाने म्हणायचे, एकपट, दुप्पट, चौपट, लय न सोडता. त्रितालाच्या सोळा मात्रा चालता-फिरता म्हणता आल्या पाहिजेत. जे तोंडात स्वच्छ नाही ते हातात कधी स्वच्छ येत नाही. पढंतीने खालच्या आजोबांना काही त्रास होणार नाही.

शिक्षक बघताना पहिल्या महिन्यात ते हाताकडे किती बघतात ते बघा. 'ना' हा बोल वाजवताना अनामिका शाईच्या (मधल्या काळ्या गोलाच्या) कडेला हलकी टेकलेली आणि तर्जनी चाटेवर (बाहेरच्या काठावर). ती अनामिका उचलली गेली की 'ना' चा सूर बिघडतो, दाबली गेली की मरतो. ही एक गोष्ट बसवायला पंधरा दिवस लागले तरी लागू देत. जे गुरुजी दुसऱ्याच आठवड्यात फिल्मी गाण्याचा ठेका शिकवून आई-वडिलांना खूश करतात त्यांच्यापासून जरा जपून. माझ्या मुलीच्या पहिल्या शिक्षकांनी तेच केलं आणि नंतरच्या गुरुजींना तिची बोटं सोडवायला वर्ष गेलं. नीट सुरुवात झाली की मग 'धा धा तिट धा धा तूंना' हा दिल्ली घराण्याचा कायदा (विस्तार करण्यासाठी बांधलेली बोलांची रचना). सहा महिने फक्त तोच वाजवला तरी मुलगा कंटाळणार नाही, कारण त्याचे पलटे (त्याच बोलांच्या नव्या जुळण्या) त्याला स्वतःला सापडायला लागतात. चौदाव्या वर्षी ते सापडणं फार आवडतं मुलांना.

विकत घेताना: तबला कुठल्या सुराचा हवा ते आधी ठरवा. काळी चार-पाचचा तबला लहान तोंडाचा, काळी एकचा मोठ्या तोंडाचा. एक तबला अर्धा-एक सूर वरखाली होतो, त्याहून जास्त ओढलात तर पुडी (वरचं कातडं) जाईल. मुलीबरोबर वाजवायचा तबला आजींबरोबर चालणार नाही. सध्या तो एकटाच वाजवणार तर मधल्या सुराचा घ्या. डग्गा पितळी किंवा तांब्याचा, हलका नको. लांबून मागवण्यापेक्षा गुरुजींना बरोबर घेऊन दुकानात जा.

मृदुला_न्यूजर्सी
वाचतेय आणि हेवा वाटतोय, तुमच्याकडे शिक्षक दारात येतात! आमच्याकडे सगळं ऑनलाइन. माझी मुलं नऊ आणि बारा, शिक्षिका पुण्याच्या. सायली, तुम्हाला नाशिकमध्ये तिघांसाठी तीन शिक्षक नाहीच मिळाले आणि एखादा ऑनलाइन घ्यावा लागला तर उपयोगी पडेल म्हणून लिहिते.

गुरू-शिष्य एकत्र गाऊच शकत नाहीत हे आधी मान्य करा. आवाज पोचायला क्षणाचा उशीर होतोच, त्यामुळे बाई गाणार, मग मूल गाणार. तंबोरा मुलाच्या बाजूला लागलेला हवा. बाईंच्या बाजूचा तंबोरा आमच्याकडे तुटक-तुटक यायचा, मग कळलं की व्हिडिओ कॉलचं ॲप तंबोऱ्याला पंख्याच्या घरघरीसारखा नको असलेला आवाज समजून खाऊन टाकतं. झूममध्ये ओरिजिनल साउंड नावाची सोय आहे, ती दोन्हीकडे चालू केल्यावर मींड (एका सुरावरून दुसऱ्या सुरावर सलग सरकणं) ऐकू यायला लागली. इअरफोन वायरचे, ब्लूटूथने उशीर आणखी वाढतो. आणि तबला ऑनलाइन सुरू करू नका. हात कॅमेऱ्यात दिसतो, पण बोटाचा दाब दिसत नाही.

नोव्हेंबरात इकडची घड्याळं तासभर मागे जातात, तेव्हा बाईंची सगळी संध्याकाळ सरकते. त्या निमूट सांभाळून घेतात. परदेशातल्या पालकांनी निदान आठवडाभर आधी आठवण करून द्यावी, एवढी विनंती.

पणजीकर
गोव्याहून. आमच्याकडे या बाबतीत एक वेगळी श्रीमंती आहे ती सांगतो. पोर्तुगीज काळापासून इथल्या चर्चच्या शाळांत मुलांना सुरांचं वाचन आणि व्हायोलिन शिकवत. दुसरीकडे देवळांच्या परिसरातून हिंदुस्थानी गाणं वाढलं. पणजीच्या कला अकादमीत आजही दोन्ही संगीतांचे विभाग आहेत. माझा मुलगा आठव्या वर्षी एका बाईंकडे पाश्चात्त्य पद्धतीने व्हायोलिन शिकायला लागला, ट्रिनिटीच्या (लंडनच्या संस्थेच्या संगीत परीक्षांच्या) काही ग्रेड दिल्या, आणि पंधराव्या वर्षी म्हणाला मला राग वाजवायचेत. नवीन गुरुजींनी त्याला खाली बसवलं, व्हायोलिनचं टोक पायाच्या घोट्यावर टेकवलं, तारा सा-प च्या जोड्यांत लावल्या. हनुवटी आणि खांद्यातून वाद्य सोडताना त्याला सुरुवातीला फार अवघडल्यासारखं झालं, पण डावा हात मोकळा झाला आणि मींड घ्यायला लागला. आधीचं काही वाया गेलं नाही. गज सरळ ओढायची सवय तिथेच लागली होती.

तेव्हा मुलांनी वाद्य किंवा पद्धत बदलली तर घाबरू नका. आणि सात वर्षांच्या मुलीसाठी पुढे कधी व्हायोलिन किंवा गिटार घ्यायची वेळ आली तर तिच्या मापाची घ्या. दोन्ही लहान मापांत मिळतात. पुढे उपयोगी पडेल म्हणून मोठी घेऊन दिली की मूल वाद्याशीच झगडत बसतं.

ठाणेकर_आई
फीबद्दल कुणी लिहिलं नाही. महिन्याची ठरवा, तासावर नको. शिक्षकांनाही घर चालवायचं असतं. आपण पाहुणे आले म्हणून ऐन वेळी नको कळवतो, तेव्हा त्यांचा तो तास रिकामाच जातो. किती वेळा आधी कळवून बदलता येईल, मेमध्ये सुट्टी किती, सर आजारी पडले तर काय, हे पहिल्याच भेटीत बोलून घ्या. गुरुपौर्णिमेच्या कार्यक्रमाचा खर्च वेगळा असतो का तेही. आणि सात वर्षांचं मूल आहे, तर शिकवणी बैठकीच्या खोलीत, दार उघडं, घरातलं कुणीतरी ऐकू येईल इतक्या अंतरावर. कुणावर संशय नाही, पण हा नियम सगळ्यांसाठी सारखा ठेवला की कुणालाच अवघडल्यासारखं होत नाही. चांगले शिक्षक स्वतःच तसं सुचवतात.

सायली_नाशिक
हे सगळं प्रिंट काढून फ्रिजवर लावलंय. त्या सरांना फोन करून सांगितलं की फक्त सासूबाईंसाठी, त्यांच्या पट्टीत, अभंगांसाठी याल का. ते लगेच हो म्हणाले, उलट त्यांना बरं वाटलं असं जाणवलं. तबल्यासाठी पंचवटीत एक गुरुजी कळलेत, शनिवारी पुतण्याला घेऊन जाणार. मुलीसाठी शोध चालू आहे.
आता एकच: सासूबाईंना खरा तंबोरा घ्यावा का? त्यांची फार इच्छा आहे. की तंबोऱ्याचं ॲप पुरेल?

मिरजकर
ताई, मी मिरजेचा, तंतुवाद्यं बनवणाऱ्यांच्या शेजारात वाढलो, म्हणून उत्तर देतो. इच्छा आहे तर घ्या, पण आज नको. मिरजेच्या तंबोऱ्याला आणि सतारीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून चौकशा वाढल्या आहेत. त्यातले काही लोक तंबोरा घेतात आणि तो भिंतीला टेकून राहतो, कारण लावता येत नाही. चार तारा: पहिली पंचमाची, मधल्या दोन जोडीच्या षड्जाच्या (सा), शेवटची खर्ज. जुळवणं कानानेच शिकावं लागतं, आणि घोडीवर (तारा टेकतात त्या तुकड्यावर) तारेखाली दोरा सरकवून जवारी (तारेचा झंकार) खुलवायची ती तर बोटांनीच कळते. आजींनी आधी सहा महिने ॲपवर गावं, सूर कानात बसू दे. मग सरांना बरोबर घेऊन मिरजेला या. बायकांच्या पट्टीचा तंबोरा मापाने लहान असतो, पण त्यांचा सूर पांढरी चारच्या आसपास ठरला तर भोपळा आणि तारा त्या हिशेबाने निवडाव्या लागतात. म्हणून पट्टी पक्की व्हायच्या आत ऑर्डर देऊ नका. खुर्चीवर बसणार हेही कारागिराला सांगा. तंबोरा उभा मांडीवर घेता येत नसेल तर आडवा, जमिनीवर ठेवून दुसऱ्याने छेडायचा. नातीला ते काम द्या, तिचाही कान तयार होईल.

षड्ज_पंचम
नातीने छेडायचा, हे फार आवडलं मिरजकर. फक्त तेव्हा तिला बरोबर गाऊ देऊ नका, तो सा तिचा नाही.

सायलीताई, तोवर ॲपमध्ये पट्टी पांढरी चार ठेवून बघा. आजी सा वर आरामात थांबू शकतात का, आणि वरचा पंचम न ताणता लागतो का, एवढं तपासा. ताण पडला तर पांढरी तीन. पहिली तार पंचमावर ठेवा, फक्त मालकंसासारख्या पंचम नसलेल्या रागातला अभंग घेतलात तर ती मध्यमावर करायची. मुलीच्या शोधाचं म्हणाल, तर नाशिकमध्ये माझे एक गुरुबंधू आहेत, लहान मुलांना फार प्रेमाने शिकवतात. त्यांना विचारून तुम्हाला निरोप पाठवतो.